सहावे गुणसूत्र आणि मामाचा स्वभाव: प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

मॅडमनी आज होकार दिला. आमच्या एचएलए प्रयोगशाळेबाहेरच्या (इथे अवयव देणारा आणि घेणारा जुळतात का ते रक्तावरून पाहतात) बाकांवर ठेवायला एक मराठी पुस्तिका करायची. सोळा पाने, विषय रोगप्रतिकारक जनुके आणि माणसाचा स्वभाव. छपाईचा खर्च प्रयोगशाळेचा, मजकूर माझा, तोही ड्युटी सांभाळून. जुलैत छापखान्याला द्यायची.

हाच विषय का घेतला ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाट चुकले तर परत इथे येता येईल. गेल्या महिन्यात बार्शीकडच्या एक मावशी मुलाला किडनी द्यायची म्हणून तपासणीला आल्या होत्या. दंडाला पट्टा बांधून मी रक्त घेत होते. दुसरी ट्यूब भरता भरता त्यांनी विचारले, "ताई, माझी किडनी बसवल्यावर तो माझ्यासारखा तापट नाही ना व्हायचा? सून लई गरीब आहे हो." मी म्हटले, "मावशी, तुमचं अर्धं त्याच्यात जन्मापासूनच आहे." उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. त्या बाईला मुलाच्या जिवाइतकीच सुनेच्या सुखाची काळजी होती आणि मी तिला एका वाक्यात वाटेला लावून पुढचे नाव पुकारले. ते मला अजून टोचते.

दुसरे कारण घरातले आहे. माझा मामा. त्याचे पुढे लिहीन.

६ मार्च

पान १ आणि २: एचएलए म्हणजे काय.

सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर डीएनएच्या सुमारे ४० लाख अक्षरांचा एक पट्टा आहे. त्यात दोनशेहून अधिक जनुके दाटीवाटीने बसलेली आहेत आणि त्यांतली बरीच रोगप्रतिकाराच्या कामाची. एचएलए जनुके इथलीच. ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर उभी राहून आतल्या प्रथिनांचे तुकडे दाखवत असतात. टी-पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, येतात, आपले की परके ते बघतात आणि पुढे जातात. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये यातला पहिला प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) ओळखला, १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आजवर एचएलएचे ३० हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. माणसाच्या जनुकसंचात इतकी विविधता दुसरीकडे कुठेच नाही.

चित्र: आगगाडी. पट्ट्यातली जनुके एकमेकांना जोडलेल्या डब्यांसारखी पुढच्या पिढीत जातात. आईकडून एक गाडी, वडिलांकडून एक. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही गाड्या जुळण्याची शक्यता चारात एक. हे रोज बाकावर सांगावे लागते, तेव्हा हे चित्र मोठे हवे.

याच चित्राचा पुढे दुसराही उपयोग होणार आहे. एखादा आजार किंवा एखादा गुण या पट्ट्याशी जोडलेला दिसला, तरी तो नेमका कोणत्या डब्यामुळे हे सांगणे महाकठीण, कारण सगळे डबे एकदमच स्टेशनात शिरतात.

१० मार्च, रविवार

रक्तगटाचे पान आधी घेतले. बाकावर बसलेल्यांच्या मोबाइलमध्ये तेच फिरत असते: ओ वाले पुढारपण करणारे, ए वाले हळवे, बी वाले मनस्वी.

याचे मूळ जपानात. ताकेजी फुरुकावा या शिक्षकाने १९२७ मध्ये रक्तगटावरून स्वभाव ओळखण्याबद्दल लेख लिहिला. पुढे १९७० च्या दशकात तिथे ही कल्पना पुन्हा उचल खाऊन घरोघर गेली. २०१४ मध्ये केंगो नावाता यांनी जपान आणि अमेरिकेतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली. ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये रक्तगटाने काहीच फरक पडत नव्हता, उरलेल्या तिन्हींत पडला तो नावापुरता.

लिहून झाल्यावर वाटले, हे पान फार फटकारून लिहिले गेले आहे. उद्या सौम्य करते. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात माणूस कशाचाही आधार शोधतो.

१५ मार्च

शब्दांवर अडले आहे. इंग्रजीत ज्याला न्यूरॉटिसिझम म्हणतात त्याचे पाठ्यपुस्तकी मराठी प्रतिशब्द बाकावरच्या कुणालाही कळणार नाहीत. तीन जणांना विचारले. सिस्टर म्हणाल्या, "टेन्शन घेणारा." सुरक्षारक्षक काका म्हणाले, "काळजीखोर." तोच घेतला, काळजीखोरपणा. मानसशास्त्र स्वभावाचे पाच मुख्य गुण धरते, त्यांतले बाकीचे चार: माणसांची ओढ, नेटकेपणा, जुळवून घेणे, नव्याची आवड.

त्याहून महत्त्वाचे, दोन शब्द पहिल्या पानापासून वेगळे ठेवायचे. स्वभाव आणि मनःस्थिती. मनःस्थिती काही आठवड्यांची असते, स्वभाव वर्षानुवर्षांचा. बोलताना आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो: "हल्ली त्याचा स्वभाव बदललाय." या एका वाक्यापायी आमच्या घरात काय झाले ते मला ठाऊक आहे.

२१ मार्च

पान ५. 'अमुक स्वभावाचे जनुक' या कल्पनेची हकीकत. हे वाचायला दोन संध्याकाळी लागल्या आणि फार काही उलगडले.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते की माणसामाणसांत स्वभावाचा जो फरक असतो त्यातला साधारण ४० ते ५० टक्के वाटा वारशाचा. मग ती जनुके शोधायला लोक निघाले. १९९६ मध्ये क्लाउस-पीटर लेश आणि सहकाऱ्यांनी ५०५ लोकांत सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडले जाणारे मेंदूतले रसायन) वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला एक आखूड-लांब फरक काळजीखोरपणाशी जोडला. पुढची वीस वर्षे अशाच एकेकट्या जनुकांवर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यासाठी सर्वांत गाजलेली १८ जनुके निवडली आणि लाखो लोकांच्या माहितीवर त्यांची परीक्षा घेतली. ती १८ जनुके कुठल्याही सोम्यागोम्या जनुकांपेक्षा वरचढ निघाली नाहीत.

दुसरी पद्धत म्हणजे आधी नाव न ठरवता सगळा जनुकसंच चाळायचा. २०१८ मध्ये मॅट्स नागेल आणि सहकाऱ्यांनी ४,४९,४८४ लोकांत काळजीखोरपणाशी जोडलेली १३६ ठिकाणे काढली. प्रत्येकाचा वाटा कणभर. असे सगळे सामान्य फरक एकत्र धरले तरी लोकांमधल्या फरकाचा सुमारे दहावा हिस्साच समजतो. आणि ती जनुके जास्त करून मेंदूच्या चेतापेशींत काम करणारी आहेत. रोगप्रतिकारक पेशी इथे पुढच्या रांगेत नाहीत.

पुस्तिकेच्या विषयाला हा पहिलाच धक्का आहे, पण तो मी झाकणार नाही. तो पान ५ वर ठळक जाईल. शिवाय हे लाखो लोक बहुतांशी युरोपीय वंशाचे. आपल्याकडची एचएलएची ठेवण वेगळी आहे हे आम्ही रोज टेबलावर पाहतो, तेव्हा तिकडचा आकडा इकडच्या माणसावर चिकटवता येत नाही.

२ एप्रिल

वाचन नाही. दोन रात्री क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताला चालतील का याची तपासणी) आले, दोन्ही दाते मेंदूमृत. झोप झाली की पुढे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

तासगावला मामाकडे. आज विचारायचे ठरवूनच गेले होते.

मामाचे किराणा दुकान. गिऱ्हाइकाची चौकशी केल्याशिवाय पुडी बांधायची नाही ही त्याची रीत. तापट, पण पाच मिनिटांत निवळणारा. ज्याच्यावर ओरडला त्यालाच चहा पाजणारा. १९९३ मध्ये अपघातानंतर त्याला तीन बाटल्या रक्त चढवले होते. त्या काळी रक्तपिशवीची हेपॅटायटिस सी साठी तपासणी होत नसे. २००६ मध्ये यकृत बिघडल्याचे कळले आणि उपचार सुरू झाले: आठवड्याला एक इंटरफेरॉनचे इंजेक्शन पोटात, रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, २४ आठवडे.

पहिल्या महिन्यात ताप, अंगदुखी. दुसऱ्या महिन्यापासून मामा गप्प झाला. दुकानात गल्ल्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचा. उधारी कुणी विचारली तर वहीच फेकायचा. मामीशी बोलणे बंद. घरातल्या मोठ्यांनी निदान केले: पैशाच्या काळजीने माणूस बिघडला. आजी म्हणायची, स्वभावाला औषध नाही. मामीने एकदा माहेरी जायची पिशवी भरली होती, हे मला आज पहिल्यांदा कळले.

उपचार संपले, दोनेक महिने गेले आणि एका सकाळी तो आपणहून दूधवाल्याशी बोलायला लागला. मामी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. "मी गॅस बंद करून ऐकत राहिले," म्हणाली.

या औषधाने असे होऊ शकते, हे त्या रुग्णालयात त्या सहा महिन्यांत कुणीही त्यांना सांगितले नाही. मामाला मी आज विचारले, त्या वेळी आत काय चालायचे? बराच वेळ त्याने श्रीखंडाच्या वाटीतून बोट फिरवले. मग म्हणाला, "सगळं दिसत होतं गं. हिचं तोंड उतरलेलं दिसायचं. पण त्याचं काही वाटायचं नाही. जसं काही शेजारच्या घरात चाललंय."

हे वाक्य जसेच्या तसे छापायची त्याने परवानगी दिली आहे, नाव न घालता.

१२ एप्रिल

पान ८ आणि ९. पुस्तिकेचा कणा हाच.

इंटरफेरॉन आपल्याच शरीरात तयार होते. १९५७ मध्ये लंडनला अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी ते शोधले. विषाणू शिरला की पेशी ते सोडतात आणि शेजाऱ्यांना सावध करतात. त्याच वेळी मेंदूलाही निरोप जातो: पडून राहा, खाऊ नको, लोकांत जाऊ नको. ताप आला की आपण पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करतो ते याचमुळे. कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडले की आजारी जनावराचे हे मलूल होणे म्हणजे शक्ती संपल्याची खूण नव्हे, शक्ती वाचवायचा शरीराचा डाव असतो. मामाच्या शरीरात हा निरोप दर आठवड्याला सुईने जात होता, चोवीस आठवडे.

आतली एक वाट अशी. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनते. इंटरफेरॉनने आयडीओ नावाचे विकर जागे होते आणि ते ट्रिप्टोफॅनला कायन्युरेनिन या दुसऱ्याच द्रव्याच्या वाटेने वळवते. पाटाचे पाणी मधेच दुसऱ्याने वळवून घ्यावे तसे.

अॅटलांटातल्या एमरी विद्यापीठात डॉमिनिक मसलमन, अँड्र्यू मिलर आणि सहकाऱ्यांनी मेलेनोमा या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांवर चाचणी केली, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीपासून नैराश्यावरचे औषध दिलेल्यांत ११ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले, नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत ४५ टक्के. म्हणजे मामाच्या उपचारांच्या पाच वर्षे आधी हे छापून आलेले होते. आज ही नोंद लिहिताना हात थांबला.

१४ एप्रिल

पण सगळ्यांचे तसे होत नाही. तेच इंजेक्शन, तोच आजार, आणि बरेच लोक शांतपणे पार पडतात. इथे जनुकांचा धागा येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये स्टेफनी बुल, कार्मिने पारियान्ते आणि सहकाऱ्यांनी हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन घेणारे ९८ रुग्ण तपासले. इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे, म्हणजे शरीराच्या लढ्यात येणाऱ्या सूज-तापाचे, प्रथिन. त्याच्या जनुकाचा कमी उत्पादन करणारा प्रकार ज्यांच्याकडे होता त्यांना नैराश्याची लक्षणे कमी आली. ९८ ही संख्या लहान आहे, तेव्हा त्यावर इमला बांधायचा नाही. तरी मला हा अभ्यास जवळचा वाटतो, कारण त्यात प्रश्न नीट विचारलेला आहे. जनुक माणसाला उदास करते का, असे ते विचारत नाहीत. दाहाची लाट अंगावर आल्यावर कोण किती हलतो, असे विचारतात.

पुस्तिकेत ओळ घालायची: २०१५ पासून भारतात सोफोसबुव्हिर मिळू लागले आणि हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची गरज जवळजवळ संपली. नाहीतर वाचणारा घाबरायचा.

२७ एप्रिल

उंदरांचे पान. यात मी गुंतले.

व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या प्रयोगशाळेतले अँथनी फिलियानो आणि सहकारी, २०१६, नेचर. टी आणि बी पेशीच नसलेले उंदीर घेतले. साधा उंदीर निर्जीव वस्तूपेक्षा दुसऱ्या उंदराजवळ जास्त वेळ काढतो. यांना दोन्ही सारखेच. मग त्यांना निरोगी उंदराच्या याच (लिम्फोसाइट) पेशी दिल्या आणि काही आठवड्यांनी त्यांची संगतीची ओढ परत आली. कारण शोधत गेल्यावर इंटरफेरॉन-गॅमा सापडले. मेंदूच्या पुढच्या भागातल्या, आवर घालणाऱ्या चेतापेशींवर ते थेट काम करते. त्यांचा तर्क असा: माणसे एकत्र आली की जंतूही एकत्र येतात, तेव्हा संगतीची ओढ आणि जंतूंशी लढण्याची तयारी उत्क्रांतीत हात धरून आली असावी.

मामाच्या बाबतीत इंटरफेरॉनने माणसे तोडली आणि इथे इंटरफेरॉन माणसे जोडते? दोन दिवस हे डोक्यातून जाईना. पहिली गोष्ट, मामाचे अल्फा, हे गॅमा. नाव एक, घराणी वेगळी. दुसरी, मात्रा. मेंदूच्या आवरणात रोज झिरपणारा थेंब आणि पोटात टोचलेला आठवड्याचा साठा यांची तुलना होत नाही. मीठ चिमूटभर आणि मीठ मूठभर.

गॅमाच्या जनुकाचा माणसातल्या स्वभावाशीही संबंध लावला गेला आहे. २०१४ मध्ये जेम्स मॅकमरे आणि सहकाऱ्यांनी या जनुकातला एक फरक आणि धोका टाळण्याची वृत्ती यांचा धागा मांडला: ज्याचे शरीर जंतूंना जोरात उत्तर देते, तो माणूस जपून वागणारा. कल्पना मोहक आहे. पण एका वेळी एकच जनुक धरण्याची ही तीच वाट आहे जिचे २०१९ मध्ये काय झाले ते पान ५ वर लिहिले. म्हणून ही कल्पना पुस्तिकेत दोन ओळींत, 'सूचना' म्हणून. निष्कर्ष म्हणून नाही.

८ मे

आज लिहिलेले पान ११ मला सर्वांत आवडले. जनुक असणे आणि जनुक चालू असणे यांतला फरक. फडताळात कोणते डबे आहेत ही एक गोष्ट, आज चुलीवर काय शिजते आहे ही दुसरी.

स्टीव्ह कोल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शिकागोतल्या १४ वयस्क लोकांच्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. फार एकटे पडलेल्यांत दाहाची जनुके जास्त चालू, विषाणूंशी लढणारी काही जनुके मंद. म्हणजे बाण उलटाही जातो: माणसाचे आयुष्य त्याच्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचते. चौदाच माणसे, पण पुढे हा आकृतिबंध इतर प्रकारच्या ताणातही दिसला.

नॉटिंगहॅमच्या कविता वेधारा आणि कोल यांनी २०१५ मध्ये १२१ निरोगी लोकांत स्वभावाचे पाच गुण आणि हीच जनुके ताडून पाहिली. मला वाटले होते काळजीखोर लोकांत दाह जास्त निघेल. तसे निघाले नाही. माणसांची ओढ असणाऱ्यांत दाहाची जनुके जास्त चालू होती, नेटक्या लोकांत कमी. याउलट सार्डिनिया बेटावर अँजेलिना सुटिन आणि सहकाऱ्यांनी ४,९०० हून अधिक लोकांच्या रक्तातले इंटरल्यूकिन-६ मोजले, तिथे काळजीखोर आणि कमी नेटक्या लोकांत ते जास्त भरले. दोन्हींत एकच गोष्ट सारखी आहे, नेटकेपणा. आणि त्याचा अर्थ साधाही असू शकतो: नेटका माणूस वेळेवर झोपतो, कमी सिगारेट ओढतो, वजन सांभाळतो.

दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापायचे. मॅडम म्हणाल्या, वाचक गोंधळेल. मी म्हटले, "मॅडम, विषयच आत्ता या वळणावर आहे. एकच छापला तर आपण त्याला फसवल्यासारखं होईल." त्या 'बरं' म्हणाल्या.

१९ मे, रविवार

सी-४. आगगाडीचे चित्र इथे कामाला आले.

२००९ पासून स्किझोफ्रेनियाच्या जनुकशोधाच्या आलेखात सर्वांत उंच शिखर सहाव्या गुणसूत्राच्या याच पट्ट्यात दिसत होते. पण कोणता डबा? २०१६ मध्ये स्टीव्हन मॅकॅरोल, बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्याकडचा अश्विन सेकर यांनी उत्तराचा एक भाग काढला: कॉम्प्लिमेंट या जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतले सी-४ हे जनुक. त्याच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. २८,७९९ रुग्ण आणि ३५,९८६ निरोगी लोकांत त्यांनी दाखवले की मेंदूत सी-४ए हा त्याचा एक प्रकार जास्त बनवणारी जुळणी असेल तर धोका वाढतो.

सी-४ जंतूंवर 'हे खा' अशी खूण करते. उंदराच्या वाढत्या मेंदूत तीच खूण चेतापेशींमधल्या जोडण्यांवर पडते आणि त्या छाटल्या जातात. तासगावच्या माणसाला हे समजवायला वेळ लागणार नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी नेमकी बसली तर घड धरतात. हात जास्त चालला तर वेल उघडी पडते. किशोरवयात मेंदूत अशी छाटणी होते आणि स्किझोफ्रेनिया त्याच सुमारास किंवा थोडा नंतर डोके वर काढतो, म्हणून त्यांनी हा संबंध जोडला.

आकडा मात्र नीट लिहायचा. सर्वांत जोखमीच्या जुळणीनेही धोका साधारण सव्वापटच होतो. शंभरात एकाला होणारा आजार शंभरात सव्वाला. आणि २०२० मध्ये याच गटाने दाखवले की तीच जुळणी ल्युपस आणि श्योग्रेन या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारांपासून बऱ्यापैकी संरक्षण देते. म्हणजे हिला 'वाईट' जनुक म्हणायची सोय नाही. शिवाय हा आजार आहे, स्वभाव नव्हे. हे वाक्य चौकटीत.

२ जून, रविवार

नार्कोलेप्सीचे पान मुळात योजनेत नव्हते. वाचता वाचता लक्षात आले की आमच्या विषयातले सर्वांत पक्के उदाहरण हेच, आणि ते स्वभावाच्या बदनामीचे आहे.

वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोप येणारी माणसे. काहींचे तर खळखळून हसले की गुडघे ढिले पडतात. आळशी, कामचुकार, नाटकी, असे शिक्के बसतात. १९८४ मध्ये जपानी संशोधकांना अशा रुग्णांत एक विशिष्ट एचएलए प्रकार जवळजवळ प्रत्येकात सापडला. पुढे तो एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ असा नेमका झाला. १९९८ मध्ये ओरेक्सिन, म्हणजेच हायपोक्रेटिन, हे जागेपण टिकवणारे द्रव्य सापडले आणि दोन वर्षांत कळले की या रुग्णांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. रोगप्रतिकारक शक्तीनेच त्या संपवल्या, असे आज मानतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स या लसीनंतर मुलांत रुग्ण वाढले, चीनमध्ये फ्लूच्याच साथीनंतर वाढले. ती लस आता वापरात नाही.

हसताना गुडघे ढिले पडणाऱ्या रुग्णांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांत हा एचएलए प्रकार असतो. पण तो असलेल्या बहुतेक लोकांना आजार कधीच होत नाही. ही दोन वाक्ये एकाखाली एक, मोठ्या अक्षरात.

शाळेतली एक मैत्रीण आठवली, बाकावर डोके टेकून झोपायची. सर तिला रोज उभे करायचे. तिला हाच आजार होता असे मी म्हणू शकत नाही. पण कुणी विचारलेही नव्हते.

१६ जून, रविवार

घामाच्या बनियनचे पान काढून टाकले. १९९५ मध्ये बर्नमध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला सांगितले आणि ४९ स्त्रियांना वास घ्यायला लावला. ज्याचे एचएलए आपल्यापेक्षा वेगळे त्याचा वास त्यांना जास्त बरा वाटला, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत उलट झाले. प्रयोग गाजला, नंतरचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. आणि ही आवड-निवड आहे, स्वभाव नाही. आमच्याकडे एकदा एका वधू-वर मंडळाच्या बाई 'एचएलएचे गुण जुळवून मिळतील का' विचारायला आल्या होत्या. त्या अगदी मनापासून विचारत होत्या. म्हणूनच हे पान नको.

२९ जून

बार्शीच्या मावशी आज परत आल्या. सोबत मुलगा, तोंडाला मास्क. मेमध्ये ट्रान्सप्लांट झाले, किडनी छान चालते आहे, अँटिबॉडी तपासायला आले होते. मुलगा टॉयलेटला गेला तशा त्या जवळ सरकल्या. "ताई, तुम्ही नाही म्हणाला होता. पण बघा, रात्र रात्र झोपत नाही, तिच्यावर खेकसतो. माझंच गेलं त्याच्यात."

या वेळी मी नाव पुकारायला उठले नाही. मावशींना सांगितले की किडनीतून स्वभाव जात नाही. त्याच्या हाडांच्या मगजातून बनणारे रक्त त्याचेच आहे, मेंदू त्याचाच आहे. पण किडनी टिकावी म्हणून त्याला स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत, सुरुवातीला मोठ्या मात्रेत. त्यांनी झोप उडते, चिडचिड होते, कधी उगाच उत्साह येतो, कधी रडू. मात्रा उतरत जाते तसे बहुधा तेही उतरते. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, पण हे सगळे डॉक्टरांच्या कानावर आजच घालायचे. सुनेलाही सांगायचे.

"मंजी माझं नव्हं?" त्यांनी दोनदा विचारले. मग पदराने डोळे पुसले आणि मुलगा आल्यावर त्याला पाणी दिले.

संध्याकाळी पान १३ नव्याने लिहिले. शीर्षक: 'घरच्यांना आधी सांगा'. त्यात औषधांची यादी नाही, ती डॉक्टरांनी सांगायची. त्यात फक्त प्रश्न आहेत, घरच्यांनी विचारायचे: या औषधाने झोप बदलेल का? राग, रडू, गप्प होणे? किती दिवस? कुणाला फोन करायचा?

मॅडमनी वाचले आणि शेवटी एक वाक्य स्वतः जोडले: 'एचएलए तपासणीवरून स्वभाव सांगता येत नाही, ही प्रयोगशाळा तसा अहवाल देत नाही आणि देणार नाही.'

७ जुलै, रविवार

तासगाव. प्रूफ घेऊन गेले. मामाने चष्मा लावून पान ८ दोनदा वाचले आणि काही न बोलता मामीकडे दिले. ती दुकानाच्या पायरीवर उजेडात बसली आणि बोट ठेवून ठेवून वाचत गेली. मामा गिऱ्हाइकाला शेंगदाणे जोखत होता, पण कान इकडेच होते.

मामीने एकच चूक काढली. मी लिहिले होते: 'उपचारांच्या काळात रुग्ण तापट झाला.'

"हे बदल," म्हणाली. "तापट तर हे पहिल्यापासूनच. तेव्हा झाले ते चिडके."

बदलले. प्रूफ उद्या छापखान्यात.